स्लॅबच्या कडेचा उघडा फोम कशाने झाकावा?

उत्तरवारा:
मिनेसोटातलं घर, तळघर नाही, थेट जमिनीवर स्लॅब. कडेला बाहेरून २ इंची एक्सपीएस फोम (थंडी अडवणारे कडक फोमचे तक्ते), जमिनीच्या वर ८ इंच उघडा. घराचा घेर १४० फूट. उन्हाने फोम पिवळा पडून भुकटी सुटतेय, गवताच्या ट्रिमरने खाचाही पडल्यात. वरची कड सायडिंगच्या (भिंतीवर बाहेरून ठोकलेल्या फळ्यांच्या) इंचभर पुढे आहे. नुसती माती चढवून झाकला तर? की गिलावा करू?

जोतेवाला:
माती अजिबात नको. सायडिंग आणि जमीन यांत ६ इंच मोकळे हवेत. ते गेले की आतलं लाकूड कुजतं, आणि सुतारमुंग्या फोम पोखरत वर चढल्या तरी पत्ता लागत नाही.

गिलावाच करा. कडेने ८ इंच खोल चर खणा. आधी ८११ ला फोन (खणण्यापूर्वी जमिनीखालच्या नळ्या-तारा कुठे आहेत ते खुणा करून देणारी अमेरिकेतली सेवा), गॅसची नळी भिंतीलगतच असते. आच्छादन जमिनीखाली किमान ६ इंच जावं, कोडही (बांधकामाचे नियमही) तेच सांगतो. मग तारेच्या ब्रशने भुकटी पूर्ण काढा आणि फोमचा गुळगुळीत पृष्ठभाग खरवडा. बहुतेक कामं इथेच फसतात: भुकटीवर मारलेला गिलावा पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात अख्खा सुटून येतो. खाचा कमी फुगणाऱ्या स्प्रे फोमने भरून सपाट कापा.

तंतू घातलेलं सरफेस बाँडिंग सिमेंट घ्या. पहिला हात १/८ इंच. तो ओला असतानाच अल्कलीत टिकणारी फायबरग्लासची जाळी थापीने दाबा, जोडावर अडीच इंच चढवा. वरून १/१६ इंचाचा दुसरा हात. ८ अधिक ६ असे १४ इंच धरले तर क्षेत्र १६३ चौरस फूट. ५० पौंडांची पिशवी १/८ इंच जाडीने साधारण ५० चौरस फूट पुरते. दोन्ही हात मिळून जाडी ३/१६ इंच, म्हणजे त्याच्या दीडपट; हिशेबाने ५ लागतात, ६ आणा. रात्री पारा ४० फॅरनहाइटखाली जाणार असेल तर काम काढू नका. भर उन्हातही नको, आणि नंतर दोनतीन दिवस पाणी फवारा.

उत्तरवारा:
थापीवर हात बसलेला नाही. सिमेंट बोर्ड चालेल?

रंधा:
टाइलखालचा अर्धा इंची चालेल. फायबर सिमेंटची सायडिंग मात्र मातीत पुरू नका. कापलेली कड पाणी पिते आणि थंडीत थर उकलतात. ३/१६ चे काँक्रीट स्क्रू, वॉशरसह, बिट ५/३२. बोर्ड अर्धा, फोम २, काँक्रीटमध्ये किमान १, म्हणजे निदान साडेतीन; म्हणून लांबी पावणेचार इंच. जास्त आवळलं की फोम दबतो आणि बोर्ड तडकतो. गोंद फोमला चालणाराच घ्या, सॉल्व्हंटवाला फोम विरघळवतो. सांध्यांवर जाळी आणि सिमेंट लागणारच, तेव्हा थापी सुटत नाही!

वरच्या कडेचं कोणी बोललं नाही. तिथे झेड आकाराचा पत्रा हवा: उभी बाजू सायडिंग आणि हाउसरॅप (सायडिंगमागचं पाणी अडवणारं कापड) दोन्हींच्या मागे, आडवी बाहेर उतरती, पुढे अर्ध्या इंचाचा ओठ. तो नसेल तर पाणी फोममागे उतरतं आणि गोठून गिलावा ढकलतं. पत्रा आधी, गिलावा नंतर.

जोतेवाला:
बरोबर. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ओल्या सिमेंटला टेकू देऊ नका, खातं त्याला. ओठाखाली १/८ इंच फट सोडा, गिलावा वाळल्यावर पॉलियुरेथेन सीलंट भरा. चर बुजवताना मातीला बाहेर उतार द्या, १० फुटांत ६ इंच.

हे मिनेसोटापुरतं. दक्षिणेकडच्या दाट वाळवीच्या पट्ट्यात फोम मातीत घालायलाच कोडची मनाई आहे.