देवबंदच्या दारुल उलूमचे संस्थापक नेमके कोण?

प्रश्न
नमस्कार. उत्तर प्रदेशातील देवबंदच्या दारुल उलूम या इस्लामी धर्मशिक्षणाच्या मदरशाचे संस्थापक म्हणून बहुतेक ठिकाणी मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी यांचे नाव आढळते, तर काही जण हा मान हाजी आबिद हुसैन यांना देतात. १८६६ मध्ये मदरसा सुरू झाला तेव्हा नानौतवी मेरठच्या एका छापखान्यात कामाला होते. मग त्यांना संस्थापक कोणत्या अर्थाने म्हणायचे? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १
आरंभापुरते बोलायचे तर हाजी आबिद हुसैन यांचे श्रेय कोणीही नाकारू नये. पांढऱ्या रुमालाची झोळी करून, तीत आधी स्वतःचे तीन रुपये टाकून ते वर्गणीसाठी गावात फिरले, अशी हकिगत सांगितली जाते. छत्ता मशिदीच्या आवारात डाळिंबाच्या झाडाखाली पहिला वर्ग भरला, त्यात शिकवायला मुल्ला महमूद होते आणि पहिला विद्यार्थी होता महमूद हसन. या मुल्ला महमूद यांना दरमहा पंधरा रुपयांवर मेरठहून धाडले ते नानौतवींनीच.

प्रतिसाद २
नानौतवींना संस्थापक म्हणतात ते मुख्यतः त्यांनी घालून दिलेल्या आठ नियमांमुळे, असे माझे मत आहे. सहारनपूर जिल्ह्यातील नानौता येथे १८३३ च्या सुमारास जन्मलेल्या या माणसाने दिल्लीत मौलाना मामलुक अली यांच्याकडे शिक्षण घेतले, शाह अब्दुल गनी यांच्याकडे हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा व आचरणाचा, अभ्यास केला आणि पुढे अहमद अली सहारनपुरी यांच्या छापखान्यात सहीह बुखारी या हदीससंग्रहाच्या अखेरच्या भागावर टिपा लिहिल्या. १८५७ नंतर नवाब आणि जहागीरदारांचा आश्रय आटत गेला, त्या काळात दुसरा एखादा धनिक शोधणे हा सोपा मार्ग होता. नानौतवींनी तो जाणूनबुजून टाळला. मदरशाला जहागीर, कारखाना किंवा श्रीमंताचे वचन असे कायमचे उत्पन्न मिळाले, तर ईश्वरावरची भिस्त सुटेल आणि चालकांत भांडणे लागतील, असे त्यांनी बजावले. सरकारचा आणि धनिकांचा सहभागही त्यांना घातक वाटे. त्याऐवजी नावाची अपेक्षा न ठेवणाऱ्या सामान्य लोकांच्या वर्गणीवर त्यांचा भर होता. कारभार सल्लामसलतीने चालावा आणि आपलेच मत खरे करण्याचा हट्ट कोणी धरू नये, हेही त्याच नियमांत आहे. एका गुरूच्या घरी चालणाऱ्या जुन्या अध्यापनाच्या जागी ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग आणि परीक्षा असलेली, गुरूच्या पश्चातही टिकणारी संस्था त्यामुळे उभी राहू शकली.

प्रतिसाद ३
वरील मताशी सहमत आहे. १८८० मध्ये नानौतवी वारले तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते, परंतु १८५७ च्या, इंग्रजांविरुद्धच्या शामलीच्या लढ्यातील त्यांचे सहकारी रशीद अहमद गंगोही यांनी त्यांच्यामागे मदरशाच्या पालकत्वाची धुरा सांभाळली. निधीबाबतचा तोच बाणा पहिल्या विद्यार्थ्याच्या चरित्रातही दिसतो. इंग्रजांच्या माल्टा बेटावरील कैदेतून सुटलेले महमूद हसन १९२० च्या जूनमध्ये मुंबई बंदरात उतरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अलीगढला, सरकारी मदत नाकारून निघालेल्या जामिया मिल्लिया इस्लामिया या विद्यापीठाच्या स्थापनेच्या सभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, आणि आजारपणामुळे त्यांचे भाषण त्यांचे शिष्य शब्बीर अहमद उस्मानी यांनी वाचून दाखवले.