अनुभव धागा: ताटातलं लोह, तुमच्या घरी काय चालतं?

रक्तदान शिबिरात बोट टोचलं, हिमोग्लोबिन ११.२ निघालं आणि मला परत पाठवलं. साडेबारा लागतं. आणि मी सहा महिने रोज बीटाचा रस पीत होते हो! घरी येऊन कोष्टक उघडलं तर १०० ग्रॅम बीटात लोह १ मिलिग्रॅमसुद्धा नाही. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅम हवं, असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) २०२० चं कोष्टक सांगतं. रस लाल म्हणून रक्त वाढतं, एवढंच काय ते शास्त्र.
तुमचे अनुभव लिहा. ऐकीव नको, घरी केलेलं.

चहाबाज: माझं ९.८ होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चहा खाण्यापासून तासभर लांब ठेवायला सांगितला, चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही म्हणून. पोह्यांबरोबर चहा नाही! पहिला आठवडा डोकं धरून बसले. पोह्यांवर लिंबू मात्र चांगलं पिळते. तीन महिन्यांत ११.९. गोळ्यांचं श्रेय किती नि लिंबाचं किती, देव जाणे.

कढईवाली: सासूबाईंनी बिडाची कढई दिली. हौसेने पहिल्याच दिवशी टोमॅटोचं सार केलं आणि वर झाकण ठेवून तसंच राहू दिलं. संध्याकाळी बघते तर शाई! चव जिभेवर नाणं ठेवल्यासारखी. लेक म्हणाला, "आई, खिळे उकळलेस का?" आंबटात लोखंड उतरतं, पण इतकं नको. आता चवळईची भाजी त्यात परतते आणि झाली की लगेच स्टीलच्या भांड्यात काढते. कढई धुऊन, गॅसवर कोरडी करून तेलाचं बोट.

बांधावरून: आम्ही नगरकडचे, बाजरीवाले. राहुरी कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेचं 'धनशक्ती' वाण २०१२ साली आलं, किलोमागे ७१ मिलिग्रॅम लोह. भाकरी नेहमीसारखीच लागते. पीठ आठवड्याचंच दळा, नाहीतर कडू होतं.

बाळंतीण नं. २: अळिवाचे लाडू. नारळाच्या पाण्यात भिजलेले अळीव बघून पहिल्यांदा बेडकाची अंडी आठवली. गूळ-खोबऱ्यात शिजले की मात्र चार कधी संपतात कळत नाही.

मायनर: माझं वेगळं. १०.५ वर अडकले होते. खजूर, गूळ, गोळ्या, सगळं वर्षभर झालं. मग नव्या डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, रक्त तपासून बघितलं, ते व्यवस्थित! पुढच्या तपासणीत थॅलेसेमिया मायनर निघाला, म्हणजे आईबापाकडून आलेला दोष, त्यात हिमोग्लोबिन मुळातच थोडं कमी राहतं. लोह कमी नव्हतंच. आकडा हलत नसेल तर गोळ्या वाढवण्याआधी हे विचारून घ्या.

धागाकर्ती: मायनर, फेरिटिन उद्याच करते. कढईवाली, आईची पत्र्याची लोखंडी कढई माळ्यावर आहे, चालेल?

कढईवाली: पळेल! गंज घासून काढ फक्त. आणि आमसूल शेवटी, भाजी काढून घेतल्यावर.