गहू सोडण्याआधी तपासणी करून घ्या

ताई, पोटाच्या त्रासासाठी चार डॉक्टर झाले, प्रत्येकाची गोळी वेगळी, आणि आता शेजारणीच्या सांगण्यावरून गहू बंद करताय, असं तुम्ही लिहिलंय. कळकळीने सांगते, थोडं थांबा. ज्या आजारात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते, त्या सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच भरवशाची. आधीच सोडला तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. माझ्या आईला त्यापायी ६ आठवडे पुन्हा पोळ्या खाव्या लागल्या, तेव्हा कुठे तपासणी झाली.

मुख्य डॉक्टर एकच ठेवा, पोटविकारतज्ज्ञ. नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात हा विभाग आहे. सोबत आपलं जेवण कळणाऱ्या आहारतज्ज्ञ हव्यात. आमच्या बाईंनी सावजी रस्सा बंद एवढ्यावर भागवलं नाही; कांदा, लसूण, तूरडाळ एकेक काढून परत घालून पाहायला लावलं. तिसरे हवेत समुपदेशक. त्यांचं नाव काढताच आई चिडली, "मी काय वेडी आहे?" पण आतडं आणि मेंदू नसांनी जोडलेले असतात, ताणाने पोट बिघडू शकतं.

एका वहीत जेवण, शौच, झोप, गोळ्या लिहा आणि तीच वही तिघांना दाखवा. आईच्या वहीला हळदीचे डाग पडलेत, पण आजाराचं निदान त्यातूनच पुढे सरकलं.

शौचात रक्त, वजन घटणं किंवा रात्री पोटामुळे झोपमोड होत असेल, तर उद्याच दाखवा.