मदत हवी आहे: फ्लॅश मारला की भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा डाग

मंडळी, रविवारी पन्हाळ्याच्या वाटेवर करवंदीच्या जाळीत हिरवा चकचकीत भुंगेरा घावला. १०० एमएम मॅक्रो लेन्स (बारीक गोष्टी जवळून टिपणारी), एफ/११ (लेन्सचं छिद्र बारीक), शटर १/२०० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, कॅमेऱ्यावरच साधा फ्लॅश. किडा टिपला झकास, पण पाठीवर पांढराफटक डाग आणि मागं काळाकुट्ट अंधार! सकाळी नऊचा फोटो अमावस्येचा वाटतोय. फ्लॅशच्या तोंडाला दुधाच्या पिशवीचा तुकडा चिकटवला (घरात सगळे हसले), फरक नाही. उजेड लहान जागेतूनच येतोय, म्हणून असेल का? मोठा डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) लेन्सच्या टोकापर्यंत आणून बघू? आणि मागच्या अंधारासाठी आयएसओ ४०० करू की शटर १/६०? वाऱ्यानं पान हलतंय, शटर जास्त वेळ उघडं राहिलं तर फोटो पुसट येईल, म्हणून शटरला हात लावायला भ्या वाटतंय. कुणी घरीच डिफ्यूझर केला असेल तर फोटो टाका की राव.