‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’ : जुन्या वळणाच्या भुयारी खेळाचे परीक्षण कोणत्या निकषांवर करावे?

प्रश्न : तिसरा मजला, परळ

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात यंदा संगणकीय खेळांचा छोटा विभाग करायचे ठरले असून ‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’चे परीक्षण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. फिनलंडमधील ऑलमोस्ट ह्यूमन या छोट्या चमूने हा खेळ २०१२ मध्ये आणला. चार कैद्यांना डोंगरमाथ्यावरून आत ढकलून देतात आणि त्यांनी मजल्यामागून मजला खाली उतरत जिवंत बाहेर पडायचे, एवढीच त्याची गोष्ट. सारे काही त्या चौघांच्या डोळ्यांनी दिसते, एका वेळी पटावरच्यासारखे एकच घर सरकता येते आणि वळायचे ते काटकोनातच.

माझी अडचण अशी की, १९९३ च्या मे महिन्यात मी गिरगावात मावशीकडे ‘आय ऑफ द बिहोल्डर’ हा असाच भुयारी खेळ खेळलो होतो आणि वॉटरडीप शहराखालच्या त्या गटारांची आठवण अजून इतकी ताजी आहे की, ग्रिमरॉकमधला पहिला जाळीचा दरवाजा घरघरत वर सरकला तेव्हाच मी त्याच्या बाजूने झुकलो होतो. माझ्या सोळा वर्षांच्या भाचीने अर्धा तास खेळून विचारले, “मामा, यात तिरके का चालता येत नाही?” मला तिला उत्तर देता आले नाही. ज्याला त्या काळाची ओढ नाही, अशा वाचकासमोर हा खेळ चांगला की वाईट, हे कशाच्या आधारे सांगावे?

प्रतिसाद : ग्राफवही

आपल्या भाचीचा प्रश्नच परीक्षणाच्या आरंभी घ्यावा, असे मला मनापासून वाटते, कारण या प्रकाराचे सारे मर्म त्यात आहे. १९८१ मध्ये अ‍ॅपल टू संगणकावर ‘विझर्ड्री’ हा भुयारी खेळ आला, तेव्हा पडद्याच्या एका कोपऱ्यात काही रेषा काढून भिंती दाखवता येत होत्या, त्याहून फारसे काही शक्य नव्हते. दहा मजले, प्रत्येक मजला वीस बाय वीस घरांचा, आणि नकाशा काढायचा तो खेळणाऱ्याने, स्वतःच्या ग्राफ पेपरवर. पडद्यावर टाकलेले एक पाऊल म्हणजे कागदावरचे एक घर, हा त्या खेळाने खेळाडूला दिलेला शब्द होता. तिरके चालू दिले असते तर तो शब्द मोडला असता. यंत्राची मर्यादा होती हे खरेच, पण रचनाकारांनी त्याच मर्यादेचा खेळ केला.

तो कसा, याचे एक उदाहरण देतो. ‘विझर्ड्री’त काही घरे अशी आहेत की, त्यांवर पाय ठेवताच आपले तोंड गुपचूप दुसऱ्या दिशेला वळते. भिंती सगळीकडे सारख्याच, त्यामुळे काही घडले हे कळत नाही. आपण पूर्वेला चाललो आहोत अशा समजुतीने सात-आठ घरे काढतो आणि मग नवी भिंत आधी काढलेल्या खोलीच्या मधोमध येते. पेन्सिल थांबते. चूक आपली की भुयाराची, हे शोधण्यासाठी ‘डुमापिक’ हा मंत्र वापरायचा. तो आपले नेमके ठिकाण आणि दिशा सांगतो, पण मंत्र मोजकेच असतात, म्हणून तो कधी खर्चायचा हाही निर्णयच.

म्हणून माझा पहिला निकष हा : भुयारातल्या प्रत्येक घराला काही अर्थ आहे का, आणि खेळ फसवतो तेव्हा ती फसवणूक उलगडण्याचे साधन प्रामाणिकपणे हातात देतो का? ग्रिमरॉक इथे चांगलाच उतरतो. खड्ड्यापलीकडे पाय पडताच दबणारी फरशी दिसते, तिथवर जाता येत नाही, आणि बऱ्याच वेळाने सुचते की, हातातला दगड तिच्यावर फेकता येईल. भिंतीतली गुप्त कळ म्हणजे एक लहानसा, जरासा वेगळा दगड. जो थांबून पाहतो त्याला तो दिसतो. उत्तर कळल्यावर “हे समोरच होते” असे वाटणे, ही चांगल्या कोड्याची खूण आहे.

एक विनंती. हा खेळ नकाशा आपोआप काढून देतो, पण नवा डाव सुरू करताना ती सोय बंद ठेवता येते. परीक्षण लिहिण्यापूर्वी निदान पहिले दोन मजले तसे, वहीत नकाशा काढत खेळून पाहा.

प्रतिसाद : रात्रपाळी

कोड्यांबद्दल वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु लढाईबद्दल परीक्षणात स्पष्ट लिहावे. ग्रिमरॉकचा खरा पूर्वज ‘विझर्ड्री’ नसून एफटीएल गेम्सचा १९८७ चा ‘डन्जन मास्टर’ आहे, ज्यात आळीपाळीने चाल करण्याऐवजी सगळे चालू वेळेत घडते आणि मशाली विझत जातात, भूक लागते. ग्रिमरॉकने हे सारे घेतले, आणि त्याबरोबर एक जुनी खोटही घेतली. दोन बाय दोन घरांची मोकळी जागा मिळाली की शत्रूभोवती गोल फिरत राहायचे : तो वळेपर्यंत आपण बाजूच्या घरात, घाव घालायचा, पुन्हा सरकायचे. सुरुवातीच्या त्या थोराड गोगलगायींपासून पुढच्या कितीतरी प्राण्यांपर्यंत हीच एक युक्ती चालते. एकदा ती बोटांना जमली की चौघांना कोणती कौशल्ये दिली याचे महत्त्व उतरते, आणि भूमिकाप्रधान, म्हणजे पात्रांच्या कौशल्यांवर चालणारा, म्हणवणाऱ्या खेळात हा दोष लहान नाही.

जिथे ही युक्ती चालत नाही, तिथे मात्र खेळ उंची गाठतो. सांगाड्यांची तुकडी ढाली पुढे धरून अरुंद बोळातून चालून येते तेव्हा मागे हटायला किती घरे उरली आहेत हे आठवावे लागते. मंत्र घालायचा तर नऊ खुणांच्या चौकटीतून योग्य त्या खुणा घाईघाईत निवडाव्या लागतात, आणि आपण काढलेला नकाशा प्रथमच जिवाशी जोडला जातो. परीक्षणात या दोन्ही प्रसंगांचे वर्णन शेजारी शेजारी द्यावे, म्हणजे वाचकाला दोष आणि गुण एकत्र दिसतील.

प्रतिसाद : धीमी लोकल

मृत्यूची किंमत हाही निकष धरावा. ‘विझर्ड्री’त मेलेल्या साथीदाराला उठवण्याचा प्रयत्न फसला तर त्याची राख होते, आणि पुढचाही प्रयत्न फसला तर तो कायमचा जातो. ग्रिमरॉकमध्ये निळ्या स्फटिकाला स्पर्श केला की चौघेही ठणठणीत होतात, मेलेलेसुद्धा. मला ही दया योग्य वाटते, कारण इथे खेळाचा भर कोड्यांवर आहे आणि कोड्याशी झटणाऱ्याला तासाभराची मेहनत पुन्हा करायला लावून काही साधत नाही. आपल्या भाचीलाही हे पटेल.

पुन्हा : तिसरा मजला, परळ

सर्वांचे आभार. शनिवारी भाचीला सोबत घेऊन नकाशाची सोय बंद करून नवा डाव मांडला. कळफलक माझ्याकडे होता, ग्राफ पेपर आणि पेन्सिल तिच्याकडे. दुसऱ्या मजल्यावर ती म्हणाली, “मामा, इथे चार घरं कोरी राहिलीत, चारही बाजूंनी बोळ आहेत.” आम्ही त्या कोऱ्या जागेला प्रदक्षिणा घालत प्रत्येक भिंत नीट न्याहाळली आणि तिसऱ्या फेरीत तिलाच तो वेगळा दगड दिसला. तिरक्या चालीचा विषय तिने पुन्हा काढला नाही. उलट माझे एक वळण कागदावर चुकीचे उतरले होते, ते तिने खोडून दुरुस्त केले.

लढाईचा दोष मी स्पष्ट लिहिणार आहे. गोल फिरण्याची युक्ती तिला दहा मिनिटांत जमली आणि त्यानंतर गोगलगायींचे भय संपले, हे मी स्वतः पाहिले. ‘आय ऑफ द बिहोल्डर’ची आठवण परीक्षणातून पूर्ण काढून टाकतो आहे. त्या जागी तिने काढलेला दुसऱ्या मजल्याचा नकाशा छापावा, असे संपादकांना सुचवले आहे. फक्त त्यावरची गुप्त खोली पुसावी की ठेवावी, एवढे ठरायचे आहे.

प्रतिसाद : ग्राफवही

पुसा. ती चार घरे कोरीच छापा.