दुपारच्या डुलकीने हात लवकर बसतो का?

निवांत:
गेल्या महिन्यात गिटारवर एक सुरावट बसवत होतो. डाव्या हाताची करंगळी पाचव्या फ्रेटवर (दांडीवरच्या पाचव्या घरात) वेळेत पोचायचीच नाही. पाऊण तास घासलं, वैतागलो आणि गिटार बाजूला ठेवून तिथेच आडवा झालो. तासाभराने उठून सहज वाजवून पाहिलं, तर करंगळी बरोब्बर जागेवर. योगायोग म्हणून सोडून देणार होतो, पण उत्सुकता गप्प बसू देईना.

मासाकी निशिदा आणि मॅथ्यू वॉकर या संशोधकांनी २००७ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. लोकांना डाव्या हाताने कीबोर्डच्या कळा पाच दाबांच्या ठरावीक क्रमाने भराभर दाबायला शिकवल्या. काहींना दुपारी तास-दीड तास झोपू दिलं, बाकीच्यांना जागं ठेवलं. सरावानंतर आठ तासांनी झोपलेल्यांचा वेग सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेला होता, जागे ठेवलेले मात्र होते तिथेच राहिले. झोपेतल्या हलक्या टप्प्यात मेंदूत सेकंदाला साधारण ११ ते १६ कंपनांचे छोटे झुबके उठतात. आलेखावर ते चातीसारखे मधे फुगीर आणि टोकांना निमुळते दिसतात, म्हणून त्यांना स्पिंडल म्हणतात. डाव्या हाताचा कारभार मेंदूच्या उजव्या बाजूकडे असतो. तिथे स्पिंडल डाव्या बाजूपेक्षा जितके जास्त, तितकी त्या माणसाची सुधारणा जास्त!

माझं मत सांगून टाकतो: सराव झाल्यावर झोपणं हा आळस नाही, सरावाचाच उरलेला भाग आहे.

शंकासुर:
तुमची करंगळी शिकली नाही हो, तिला विश्रांती मिळाली. पाऊण तास एकच जागा घासल्यावर हात आणि लक्ष दोन्ही थकतात. शेवटच्या फेऱ्या तुमच्या खऱ्या कुवतीपेक्षा वाईट जातात. मग ताजेतवाने होऊन वाजवलं की वाटतं, झोपेत काहीतरी जादू झाली.

टिमथी रिकर्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याच प्रकारच्या प्रयोगांवर बोट ठेवलं. सरावात थकवा साचू दिला नाही आणि फेऱ्यांची सरासरी घेताना होणारी गफलत टाळली, तर झोपेने होणारी वाढ उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्या प्रयोगावर एवढा डोलारा उभा, तिथे मोजपट्टीच अशी सैल.

निवांत:
थकवा मान्य. पण तो उतरण्याचा आणि मेंदूच्या एकाच बाजूला स्पिंडल वाढण्याचा मेळ कसा घालणार?

शंकासुर:
मोजक्या माणसांमध्ये दोन गोष्टी जोडीने वाढल्या, एवढंच त्यातून कळतं. शिवाय त्याच प्रयोगात रात्रीची झोप झाल्यावर दोन्ही गट जवळपास एकाच पातळीवर आले. म्हणजे डुलकीने मिळवलं काय? उद्या मिळणारं आज मिळालं, इतकंच.

अंगठाबहाद्दर:
"इतकंच" म्हणू नका, कधीकधी तेच लाखमोलाचं असतं. इस्राएलच्या हैफा विद्यापीठातला मारिया कोरमन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग बघा, तोही २००७ चाच. अंगठ्याला बाकीची बोटं एका क्रमाने टेकवायची. दोन तासांनी दुसराच क्रम शिकवला तर पहिल्याची पुढची सुधारणा पार बुडते. पण पहिल्या सरावानंतर लगेच ९० मिनिटं झोप घेतली, तर मधे दुसरं शिकूनही पहिलं टिकतं, आणि दुसऱ्या दिवशी सुधारणा दिसते.

हे थकव्याने कसं समजावणार, शंकासुर? थकवा उतरणं वेगळं आणि नव्या शिक्क्याने जुना पुसला न जाणं वेगळं. एकाच दिवशी दोन गोष्टी शिकायच्या असतील, तर मधे झोप. मी तर म्हणेन, सगळ्या वादात कामाची गोष्ट हीच.

शंकासुर:
हा मुद्दा जड आहे, कबूल. पण ९० मिनिटं! आणि झोपच का? एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की अशा कळांच्या सरावात सुरुवातीची बरीचशी सुधारणा दोन फेऱ्यांमधल्या दहा सेकंदांच्या विश्रांतीत होते. जागेपणी! २०२१ मध्ये त्यांनाच आढळलं की त्या दहा सेकंदांत मेंदू तो क्रम सुमारे २० पट वेगाने पुन्हा पुन्हा चालवून पाहतो. मग आडवं व्हायची गरज काय?

निवांत:
ती सुरुवातीच्या काही मिनिटांची गोष्ट झाली. मी बोलतोय ते त्यानंतर काही तासांनी जे मुरतं त्याबद्दल. एक असलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

अर्धीझोप:
मधेच तोंड घालतो. मी पाळीची नोकरी करतो, डुलक्यांवरच जगतो. वीस मिनिटांत उठलो तर माणसात असतो. पाऊण तासाने गजर वाजला तर गाढ झोपेतून उपटल्यासारखं होतं, अर्धा तास चहाचा कप कुठे ठेवला तेही आठवत नाही. तेव्हा कुणी गिटार हातात दिली तर तारा तोडीन. रात्री झोप लागायची मारामार असेल त्याने तर दुपारच्या वाटेला जाऊच नये.

अंगठाबहाद्दर:
रास्त. आणखी एक, सगळीच कामं सारखी नसतात. ज्युलियन डोयोन आणि मंडळींनी २००९ मध्ये दोन प्रकार शेजारी ठेवले. बोटांचा क्रम शिकणाऱ्यांना रात्रीच्या झोपेचाही फायदा झाला आणि दुपारच्याही. पण हात आणि नजर यांचा बदललेला मेळ पुन्हा जुळवायला शिकलेल्यांना नाही, तिथे नुसता वेळ गेला तरी पुरलं. माउस उलट्या दिशेने चालतोय आणि तुम्ही जुळवून घेताय, असं काहीसं. त्यासाठी उशी शोधू नका.

शंकासुर:
निवांत, एक करा. पुढच्या वेळी तितकाच सराव, मग तासभर जागे राहून गिटारला हात न लावता बसा. करंगळी तेव्हाही पोचली तर श्रेय माझ्या विश्रांतीचं.

निवांत:
काल केलं. नवी सुरावट, पाऊण तास सराव, तासभर खिडकीत बसलो. करंगळी पाचातून दोनदा पोचली. झोपल्यावर पाचही वेळा पोचली होती.

शंकासुर:
सुरावट नवी, म्हणजे तुलना गेली. आणि एकेकदाच? दोन्ही प्रकार आलटून पालटून वीस-वीसदा करा, मग बोलू.

निवांत:
म्हणजे वीस दुपारी झोपायचं? विज्ञानासाठी करतो हो एवढं.