सदोष नोंदींवर रुग्णालयांची क्रमवारी लावावी का?

नोंदवही (धागाकर्ता):
रुग्णालयांच्या मृत्युदराची क्रमवारी जाहीर करण्याआधी कोडिंगची (म्हणजे केसपेपरवरची निदानं ठरलेल्या सांकेतिक क्रमांकांत बसवण्याच्या कामाची) स्वतंत्र फेरतपासणी झालीच पाहिजे. ती झाली नसेल तर क्रमवारी लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब बघा. प्रमाणित मृत्युदर म्हणजे प्रत्यक्ष मृत्यू भागिले अपेक्षित मृत्यू, गुणिले १००. प्रत्यक्ष मृत्यू मोजता येतात. अपेक्षित मृत्यू मात्र वय, मुख्य निदान, रुग्ण तातडीने दाखल झाला की ठरवून, आणि सहव्याधी (मुख्य आजारासोबतचे इतर आजार) यांवरून काढावे लागतात. समजा, १,००० रुग्णांपैकी ५० दगावले. डिस्चार्ज समरीत (मुक्काम संपल्यावर डॉक्टर लिहितात त्या सारांशात) मुख्य निदानाखेरीज काहीच नसेल आणि अपेक्षित मृत्यू ४० निघाले, तर दर १२५. त्याच रुग्णांचा मधुमेह, किडनीचा जुना आजार, हार्ट फेल्युअर नीट लिहिल्यावर अपेक्षित मृत्यू ५२ झाले, तर दर ९६. एकही जीव जास्तीचा वाचलेला नाही.

शिवाय कोडरला तर्क करायची मुभा नसते. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की हे वाढतं) १ वरून ३.२ वर गेलेलं रिपोर्टात ढळढळीत दिसतं, पण किडनीला तीव्र इजा झाल्याचं डॉक्टरांनी कुठेच लिहिलेलं नसेल, तर आयसीडी-१० (आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) मधला त्या इजेचा एन१७ कोड लावता येत नाही.

आकडेमोड:
हे मला अजिबात पटत नाही. नोंदी निर्दोष होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर त्या कधीच निर्दोष होणार नाहीत. समरी बहुतेक वेळा सगळ्यात कनिष्ठ डॉक्टर घाईघाईत लिहितो आणि तिचं पुढे काय होतं हे त्याला कुणी सांगत नाही. विभागप्रमुखांसमोर दर महिन्याला त्यांच्याच वॉर्डचे आकडे आले, की सहव्याधी लिहिल्या जाऊ लागतात. जी वही कुणी उघडत नाही, तिच्यातल्या चुका कोण काढणार?

आणि सगळंच कोडिंगवर अवलंबून नसतं. खुब्याचं हाड मोडलं (कोड एस७२.०), हे निदान क्वचितच चुकतं. रुग्ण किती वाजता आला, शस्त्रक्रिया किती वाजता सुरू झाली आणि दाखल झाल्यापासून ३० व्या दिवशी तो हयात होता का, एवढ्या तीन गोष्टींवर बरंच काही कळतं. '३० दिवस' मुद्दाम म्हणतोय. फक्त रुग्णालयातले मृत्यू मोजले, तर अत्यवस्थ रुग्ण दुसरीकडे हलवला की आकडा सुधारतो.

वॉर्डाच्या बाजूने:
आकडेमोड, त्या 'किती वाजता'वर एवढा विश्वास ठेवू नका. ऑपरेशन थिएटरमधल्या वेळा पुष्कळदा केस संपल्यावर भरल्या जातात. मिनिटांचे आकडे काढून बघा, ०० आणि ३० यांवर ढीग दिसेल. रात्री १२:०० वाजता रुग्ण दाखल झाल्याच्या नोंदी संशयास्पद वाढलेल्या दिसल्या, तर वेळ रिकामी सोडल्यावर संगणकाने स्वतःच ००:०० भरलंय का ते आधी तपासा.

श्वसनाची गतीही तशीच. सिस्टरनी ३० सेकंद मोजून दुप्पट केली तर सम आकडेच येतात. १५ सेकंद मोजून चौपट केली तर १६, २०, २४. पण सगळ्या वॉर्डभर, सगळ्या पाळ्यांत १८ आणि २० एवढंच दिसत असेल, तर श्वास मोजलेच गेले नाहीत असं धरून चाला. प्रकृती ढासळत असल्याचं बरेचदा सगळ्यात आधी याच आकड्यातून कळतं, म्हणून हे फार वाईट आहे.

नोंदवही:
हेच मी म्हणतोय. फेरतपासणीला फार यंत्रणाही लागत नाही. चिठ्ठ्या टाकून १०० केसपेपर काढा. दुसऱ्या कोडरला पहिल्याचे कोड न दाखवता संपूर्ण केसपेपरवरून पुन्हा कोड करायला सांगा, नुसत्या समरीवरून नको. मुख्य निदान चुकलं किती आणि सहव्याधी सुटल्या किती, हे वेगळं मोजा. मग प्रत्येक चुकीपुढे लिहा: डॉक्टरांनी लिहिलंच नव्हतं, की लिहिलेलं कोडरने घेतलं नाही? दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि बहुतेक अहवालांत ही फोड नसते.

आकडेमोड:
ही फोड हवीच, मान्य. पण तपासणी होईपर्यंत आकडे झाकून ठेवायला माझा विरोध कायम आहे. तुमच्या नियमाने ज्याला लपायचंय तो तपासणीच टाळेल. त्यापेक्षा आकडा छापा आणि शेजारच्या रकान्यात कोडिंगची अचूकता छापा. तपासणी झाली नसेल तर तसं स्पष्ट लिहा. क्रमांक लावू नका, हे मात्र मान्य. एका रुग्णालयाची त्याच्याच मागच्या महिन्यांशी तुलना करा. सांख्यिकीतज्ज्ञ श्यूहार्टने १९२४ मध्ये कारखान्यासाठी मांडलेला नियंत्रण-आलेख (आकड्यातला बदल नेहमीच्या चढउतारातला आहे की खरा, हे दाखवणारा) इथेही चालतो.

नोंदवही:
नवा कोडर आला की त्या आलेखातही पायरी पडते, म्हणजे आकडा एकदम वर किंवा खाली सरकतो. ती तारीख आलेखावर खुणेने दाखवली, तरच तो वाचता येईल.

वॉर्डाच्या बाजूने:
अजून एक भोक बुजवायचं राहिलंय. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी किडनी बिघडली, ती उपचारातली गुंतागुंत असू शकते. पण कोडच्या यादीत ती सहव्याधी म्हणून बसते आणि अपेक्षित मृत्यू वाढवते. म्हणजे इजा झाली आणि रुग्णालयाचा दर सुधारला. 'दाखल होताना होतं का: हो / नाही' हा रकाना प्रत्येक दुय्यम निदानापुढे सक्तीचा करा. तो कोडरने अंदाजाने भरायचा नाही, समरी लिहिणाऱ्या डॉक्टरनेच भरायचा. हा रकाना नसेल, तर मी आकडेमोड यांच्या आलेखालाही सही देणार नाही.

आकडेमोड:
या रकान्याला माझा पूर्ण पाठिंबा. तोपर्यंत एन१७ सारखे कोड अपेक्षित मृत्यूंच्या हिशेबातून वगळून दुसरा आकडा काढा आणि दोन्ही शेजारी शेजारी छापा.